गयाबाईची गाडी सेक्शनमध्ये होती

अप्पा,

तुम्हाला बसवून आलो त्याला आज बारा दिवस झाले. तुमच्या लिंगायत लोकांत गेलेल्या माणसाला पुरताना आडवं ठेवत नाहीत, मांडी घालून बसवतात, हे मी ऐकून होते, पाहिलं पहिल्यांदाच. कपाळभर विभूती, मांडीत बेलाची पानं आणि पाठ ताठ. रशीदचाचा माझ्या शेजारी उभे होते. तुमच्या हाताखाली पंचवीस वर्षं सिग्नलचे दांडे ओढलेला माणूस. ते हळूच म्हणाले, "देख बेटी, मास्तर ड्यूटी पे बैठे जैसे लगरे." मला हसू फुटलं. चार जणांनी वळून पाहिलं. पाहू देत.

आणि आज सकाळी रविवारची पॅसेंजर सुटली. तीन महिन्यांनी. आता दुपार आहे, आमच्या छपाईच्या प्रेसमध्ये कुणी नाही, मी हे लिहितेय. अशा श्रद्धांजलीच्या लेखात माणसं अश्रूंनी सुरुवात करतात. मला तसं करता येत नाही, कारण खोटं होईल. मला हायसं वाटतंय, अप्पा. तुम्ही गेलात म्हणून नाही. आपलं जे व्हायचं होतं ते वेळेत झालं म्हणून. आठ दिवस उशीर झाला असता तर मी जन्मभर स्वतःला तोंड दाखवू शकले नसते.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. म्हणून थोडं मागं जाते.

आपल्या गावातून छोटी गाडी जायची आणि तुम्ही इथले स्टेशन मास्तर. मोठी लाइन आली ती गावाबाहेरून गेली, छोटीचे रूळ उखडले, आणि जुन्या स्टेशनच्या दोन खोल्या आणि मालाची शेड शेळ्यांना बसायला उरली. रिटायर झाल्यावर तुम्ही त्यांची किल्ली रेल्वेकडं मागत हिंडलात. कुणी दिली नाही. मग एके दिवशी तुम्ही स्वतःचं कुलूप आणून लावलंत आणि म्हणालात, "आता किल्ली त्यांनी मागावी." कुणी मागितली नाही. तिकिटावर तारीख उठवायचं मशीन, वजनाचा काटा, कंदील, गाड्यांची तीन टोकनं, दोन सिग्नलचे दांडे, एक ढकलट्रॉली, फलाटापुढं अठरा फूट रूळ आणि लोखंडी तिवईवरचा मोठा रांजण. एवढं आपलं संग्रहालय.

पण वस्तू बघायला कोण येतं? हे तुम्हाला कळलं, म्हणून तुम्ही माणसं बोलावलीत. संक्रांतीचं हळदीकुंकू स्टेशनात ठेवलंत आणि बायकांची दांडा ओढायची स्पर्धा लावलीत. तुमच्या मंडळी, आमच्या अक्का, जिंकल्या. बक्षीस घेताना म्हणाल्या, "चाळीस वर्सं ह्यांना ओढायले, ह्या दांड्याचं काय एवढं." म्हाताऱ्यांची इंजिनाच्या शिट्टीची स्पर्धा तर विसरता येत नाही. दात नसलेल्या माणसांना शिट्टी जास्त चांगली येते हे गावाला त्या दिवशी कळलं. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सभा, जिला तुम्ही 'रविवारची पॅसेंजर' म्हणायचात. एक्स्प्रेस नाही, पॅसेंजर. प्रत्येक स्टेशनावर थांबणारी. हमाल असो, शिक्षक असो, ज्याला छोट्या गाडीची आठवण सांगायची त्यानं सांगावी.

त्या सभेला तुमचा एकच नियम होता आणि तो रेल्वेचा होता. एकेरी लाइनीवर दोन स्टेशनांच्या मधल्या टप्प्याला तुम्ही सेक्शन म्हणायचात. त्या सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी. म्हणून ड्रायव्हरला टोकन द्यायचं: लोखंडी गोळा, तो चामड्याच्या पिशवीत, पिशवी मोठ्या कड्याला. ते कडं खांद्यात अडकवल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि पुढच्या स्टेशनात ते परत मिळाल्याशिवाय दुसरी गाडी सुटत नाही. सभेतही तसंच. टोकन ज्याच्या खांद्यावर तोच बोलणार. सात मिनिटं. मग तुम्ही टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारायचात. ठण्ण. बोलणाऱ्यानं टोकन परत द्यायचं, मग पुढचा.

सुरुवातीला मला तो पोरखेळ वाटला. मी पत्रकांत वाढलेली. वडलांची पायानं चालवायची छपाईची ट्रेडल मशीन, चळवळीची पत्रकं, शाईचा वास. इतर पोरं अंकलिपीतून जोडाक्षरं शिकली, मी 'अन्याय', 'हक्क' आणि 'संघर्ष'मधून शिकले. नांदेडला शिकायला गेले, विष्णुपुरीच्या कॉलेजात चार वर्षं राहिले, इंजिनिअर होऊन परत आले आणि प्रेसमध्येच बसले. तुम्ही विचारलंत, "पदवीचं काय करणार?" मी म्हणाले, "मशीन दुरुस्त करणार." तुम्हाला ते आवडलं होतं. तुम्ही लगेच तारखेचं मशीन माझ्यापुढं ठेवलंत. त्या दिवसापासून मी तुमची 'पत्रकवाली'.

हळूहळू नियम कळत गेला. कड्याला वजन होतं. ते खांद्यावर आलं की फुशारक्या मारणारा माणूस नरम व्हायचा आणि कधी तोंड न उघडणारी बाई बोलायला लागायची, कारण तिला मध्येच तोडायचा अधिकार कुणालाच नव्हता. इतक्या सभांना मी गेले, माईक कुणाच्या हातात यावरून मारामाऱ्या पाहिल्या. समतेचं एवढं साधं यंत्र मी दुसरीकडं पाहिलं नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

आणि म्हणूनच तीन महिन्यांमागं त्या रविवारी माझं डोकं फिरलं.

गयाबाई उभ्या राहिल्या होत्या. दलित वस्तीतल्या. त्यांचे वडील गँगमन, रुळाची देखभाल करणाऱ्या टोळीतले. गयाबाई दोन वर्षं सभेला येत होत्या, मागं बसून ऐकत होत्या, कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून टोकन मागितलं.

"मी तवा आठ-नऊ वर्सांची आसंन," त्या म्हणाल्या. "दुष्काळाचं साल. बा गँगमधी हुता. मी भाकर घिऊन आले. पायात कायबी न्हाई, रूळ तापलेले. पान्याबिगर जीव चाललेला. आन त्यो तिथं रांजण दिसला." त्यांनी बोट केलं. रांजणावर तुमची पाटी होती: 'प्रवाशांसाठी थंड पाणी.' "मी हात घातला, तर एक बाबू आला आन..."

ठण्ण.

सगळ्यांनी तुमच्याकडं पाहिलं. हातोडी तुमच्या हातात होती.

"अप्पा, सात मिनिटं झाली नाहीत," मी म्हणाले. "दोन झालीत."

"मला घड्याळ कळतंय."

मी उठले. नियमानं बोलायचं म्हणून गयाबाईंच्या खांद्यावरचं टोकन काढून माझ्या खांद्यावर घातलं. "घड्याळ कळतं, मग बेल का वाजवलीत?"

"हे बघ पत्रकवाली, हितं वस्तू ठेवल्यात. भांडणं ठेवायची आसतील तर तुज्या बापाच्या प्रेसात ठेव."

"वस्तूवरच भांडण आहे. पाटीवर लिहिलंय, प्रवाशांसाठी. गयाबाई कोण होत्या मग? मालडब्यातलं पोतं?"

"काय बोलायलीस, भान हाय का?"

"लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते तुम्ही दर सभेत सांगता. त्या पाण्याच्या रांगेत जात विचारली होती का कुणी?"

"न्हाई विचारली."

"मग इथं विचारली होती एवढं सांगायला तुमचं काय जातं?"

तुम्ही हातोडी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "सभा संपली." रशीदचाचांनी घाईघाईनं बिस्किटांचा पुडा फोडला, जसं काही बिस्किटांनी असल्या गोष्टी मिटतात. मी बाहेर पडले, प्रेसवर आले आणि तेव्हा लक्षात आलं की टोकन माझ्या खांद्यावरच आहे. परत जायला हवं होतं. गेले नाही. भिंतीच्या खिळ्याला टांगलं. वाटलं, राहू दे, तेवढीच त्यांना अद्दल. त्यांच्याकडं आणखी दोन आहेत.

पुढच्या महिन्याच्या रविवारी सभा झाली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. संग्रहालयाचं दार उघडं असायचं, तुम्ही आत खुर्चीत बसलेले असायचात, पण सभा नाही. गावात बोललं जायला लागलं की मास्तरांनी रागानं बंद केली. मला तर काही शंकाच नव्हती. एका बाईचं खरं बोलणं बंद करायला तुम्ही सगळ्यांचीच तोंडं बंद केलीत, असा माझा निष्कर्ष. मी पत्रक काढलं: 'कुलूप सभेला, की इतिहासाला?' मोंढ्याच्या बाजारात वाटलं, एसटी स्टँडवर वाटलं, आणि एक तुमच्याकडं पाठवलं. ते तिसऱ्या दिवशी परत आलं. तुम्ही त्यातल्या प्रत्येक उद्गारचिन्हाभोवती लाल गोल केला होता. अकरा गोल. खाली एक ओळ: 'शिट्टी एकदाच वाजवायची असते.'

त्या ओळीनं मी इतकी पेटले की दुसऱ्या पत्रकाचा मजकूर त्याच दिवशी जुळवायला घेतला. त्यात मी तुम्हाला काय काय म्हटलं होतं ते इथं लिहीत नाही. ते छापलं गेलं नाही, हा माझा पहिला सुटकेचा श्वास.

छापलं गेलं नाही, कारण रशीदचाचा नातीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. बसले, चहा घेतला, आणि वर भिंतीकडं बघून कप खाली ठेवला.

"या अल्ला. ये इधर है?"

"त्या दिवशी आलं माझ्याबरोबर," मी म्हणाले.

"तो गाडी कैसी छूटेंगी, बेटी? मास्तर रोज बोलते, गयाबाई की गाडी सेक्शन में है, दुसरी कैसी छोडू."

"तिथं आणखी दोन टोकनं आहेत की, चाचा."

ते माझ्याकडं असे बघायला लागले जसं मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. "वो दुसरे सेक्शन के हैं. गोला किसका बी, किधर बी चलता क्या? टक्कर होती ना."

दोन महिने. दोन महिने मला वाटत होतं की तुम्ही सभा बंद केलीय, आणि तुम्हाला वाटत होतं की गाडी निघालीय, अजून पोचली नाही. कुणाला तरी पाठवून टोकन मागवून घेतलं असतंत तर? पण स्टेशन मास्तर टोकन मागायला ड्रायव्हरच्या घरी जात नाही. आणि मी तरी विचारायला आले असते तर? पण पत्रकवाले विचारायला जात नाहीत, जाहीर जाब विचारतात. आपण दोघंही आपापल्या नियमाचे, अप्पा. एकेरी लाइनीवर समोरासमोर.

मग चाचा म्हणाले, "मास्तर को नांदेड लेके गए. दम नै पुर रा उनको."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत मी ते कडं खांद्याला लावून चढले. कंडक्टर म्हणाला, "बाई, हे काय? म्हस बांधायचं का?"

"रेल्वेचं टोकन आहे."

"मग रेल्वेनं जायचं की."

"नांदेडला सरळ रेल्वे कुठं आहे?"

"न्हाई तेच बरं हाय," तो तिकीट फाडत म्हणाला. "आमचं पोट त्याच्यावर हाय."

अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. शेजारच्या सीटवर एक म्हातारेबुवा येऊन बसले, कड्याला हात लावला आणि म्हणाले, "छोट्या गाडीचं न्हवं हे?" मी हो म्हटलं. त्यांनी ते मागून घेतलं आणि उतरेपर्यंत मांडीवर धरून ठेवलं. तुम्हाला ही गोष्ट सांगायची होती. दवाखान्यात राहून गेली.

दवाखान्यात अक्का पलंगाच्या पायथ्याशी बसल्या होत्या. तुमच्या तोंडावर मास्क. मला बघून तुम्ही डोळे बारीक केलेत. मग खांद्यावरचं कडं दिसलं आणि मास्क खाली ओढलात. अक्का रागावल्या. तुम्ही हात पुढं केलात. मी पाठांतर करून आले होते की आधी माझी चूक कबूल करायची, मग तुमची दाखवायची. त्यातलं काहीच बोलता आलं नाही. मी टोकन दिलं. तुम्ही पिशवीचा पट्टा सोडून आत हात घातलात, गोळा चाचपलात.

"हाय," म्हणालात. मग विचारलंत, "गाडी पूर्ण आली का?"

"कोणती गाडी? टोकन दिलं ना मी परत."

"टोकन आलं. गाडी कुठं आली?" दम खात खात तुम्ही मला समजावलंत, पहिल्या दिवशी नोकरीला लागलेल्याला समजावतात तसं. टोकन मिळालं म्हणून लाइन मोकळी होत नाही. मास्तरनं स्वतः बघायचं असतं की शेवटचा डबा आला. मध्येच कुठं डबे तुटून राहिले असतील, आणि मागून दुसरी गाडी सोडली, तर माणसं मरतात. "गयाबाईचा शेवटचा डबा यायचाय आजून. त्यो मीच तोडला."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यापुढं चूक कबूल करत होतं आणि मी जाब विचारला नाही.

"त्यो बाबू मी हुतो," तुम्ही म्हणालात. "नवाच लागलो हुतो. पाणीवाला रजेवर, म्हून मोठ्या मास्तरनं तांब्या माज्या हातात दिला. ह्या पोरीनं रांजणात हात घातला. गाडी उभी हुती, डब्यातले लोक बघायलेले. मी तांब्या तिच्या मनगटावर हाणला. आन मग..." तुम्ही अक्कांकडं पाहिलंत. अक्का खाली बघत होत्या. "मग रांजण पालथा केला. भरलेला. दुष्काळात. सगळं पाणी रुळावर. तिचा बाप फावडं घिऊन तिथंच उभा हुता. काय बोलला न्हाई."

लातूरला पाण्याची गाडी आली तेव्हा तुम्ही बघायला गेला होतात आणि रडलात, हे तुम्ही सभेत नेहमी सांगायचात. मला वाटायचं, रेल्वेवाला आहे, आनंदानं रडला. तुम्हीही आम्हाला तसंच वाटू दिलंत.

"फोन लाव," तुम्ही म्हणालात.

मी गयाबाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला. त्या शेळ्या घेऊन गेल्या होत्या. आधी शेळ्यांचाच आवाज आला.

"गयाबाई, मी मास्तर बोलायलाव."

"बोला सायेब. बरं हाय का आता?"

"न्हाई बरं. ऐक. त्यो रांजणावरचा बाबू मी हुतो."

"ठावं हाय की मला."

तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "कवापासून?"

"तवापासून. कपाळभर इबूती लावनारा दुसरा कोन हुता टेसनात?"

"मग एवढी वर्सं बोलली न्हाईस कामून?"

"बोलायलेच हुते की. तुमी बेल वाजवली."

पहिल्यांदा अक्कांना हसू आलं, त्यांनी तोंडाला पदर लावला. मग तुम्हाला. मग तुम्हाला ठसका लागला, नर्स धावत आली, तिनं मास्क वर चढवला आणि आम्हा दोघींना झापलं. तुम्ही मास्कच्या आतूनही हसत होतात. अप्पा, तुमची आठवण आली की मला त्या मास्कवर जमलेली वाफ दिसते.

गयाबाई फोनवर अजून होत्या. "सायेब, नाव न्हवते घेनार मी. एक बाबू, येवढंच म्हननार हुते. दोन वर्सं झाली, तुमच्या अक्काच्या हातचा च्या पिते मी."

तुम्ही नर्सच्या नकळत मास्क पुन्हा सरकवलात. "आता घे."

"काय घिऊ?"

"नाव. शेवटचा डबा त्योच हाय."

त्यांनी आधी एका शेळीला हाकललं. मग त्या म्हणाल्या, "बगू. तुमी बरे हून या. मग घेते."

तुम्ही टोकन माझ्याकडं सरकवलंत. "माज्याजवळ नको. तिच्या खांद्यावर दे."

इथं मला एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. तुम्ही 'चुकलो' म्हणाला नाहीत. 'माफ कर' म्हणाला नाहीत. माझ्या ओठांवर आलं होतं: अप्पा, तो शब्द म्हणा, एकच शब्द आहे. मी म्हटलं नाही. तुमचा श्वास बघून म्हटलं नाही, की गयाबाईंनी मागितलं नसताना मी मागणारी कोण म्हणून म्हटलं नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. नाव घे म्हणणं हे माफी मागण्यापेक्षा मोठं, असं रशीदचाचा म्हणतात. मी म्हणते, दोन्ही करता आलं असतं. हे भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

आठ दिवसांनी गेलात. अक्कांचा फोन आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सुटले ग." शेवटचे दिवस त्यांनी तुमचा एकेक श्वास मोजल्यासारखा ऐकला होता. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण त्याच्या खाली जे होतं ते मला लगेच ओळखू आलं. माझ्याकडंही तेच होतं.

पाटीचंही भांडण राहिलंय. मी तीन ओळींची नवी पाटी लिहिलीय: हे पाणी कुणाला मिळत होतं, कुणाला नाही, कुणी ठरवलं. गयाबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "पाटी ऱ्हाऊ द्या जुनीच. रांजण भरा. मंग खरी हुईल." मला ते पटलं नाही. पाणी भरल्यानं मागचं पुसलं जातं, मग पुढच्या पोरांना कळणार कसं? त्या म्हणाल्या, "मी हाय की सांगायला." "आणि तुम्ही नसाल तेव्हा?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तू हायस की."

आता आजचं.

सभा घ्यायची ठरली तेव्हा दोघाचौघांनी मला गाठलं. त्यातले एक गुरुजी फार कळवळून म्हणाले, "आज श्रद्धांजली ठेवा. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये. अक्का समोर असणार." मला त्यांना फाडून खावंसं वाटलं. पण खरं सांगते, रात्रभर मीही जागी होते. तुम्ही आता उत्तर द्यायला नव्हतात. तुम्ही नाव घ्यायला सांगितलंय हे ऐकणाऱ्या आम्ही तिघीच. गयाबाईंनी नाव घेतलं नाही तर गाडी कायमची सेक्शनमध्ये. घेतलं, तर गावात तुमचं एवढंच नाव उरेल का? ज्या माणसावर मी अकरा उद्गारचिन्हं झाडली होती, त्याच्या नावाची मला काळजी वाटत होती.

सकाळी मी पोचले तर अक्का माझ्या आधी आल्या होत्या. रांजण घासून, धुऊन, भरून ठेवला होता. तिवईला गंज लागतो म्हणून तुम्ही त्यात कधी थेंब पाणी घालू दिलं नाहीत. झाकणावर तांब्या होता, तुमच्या घरातला, पूजेला बसताना तुमच्याजवळ असायचा तो. मग अक्का पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

शेड भरली. मी टोकन गयाबाईंच्या खांद्यावर दिलं आणि तुमच्या जागेवर, टांगलेल्या रुळापाशी, हातोडी घेऊन उभी राहिले. रशीदचाचा फलाटाच्या टोकाला, हातात हिरवं निशाण.

गयाबाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. दुष्काळ, भाकर, तापलेले रूळ, रांजण. "मी हात घातला, तर एक बाबू आला," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मागच्या वेळी इथंच ठण्ण झालं होतं. मी हातोडी पाठीमागं धरली. गयाबाई अक्कांकडं बघत होत्या. अक्कांनी मान वर केली आणि एकदाच खाली केली.

"त्यो बाबू म्हंजे आपले अप्पा," गयाबाई म्हणाल्या. "मास्तर अप्पा. त्येनी माज्या मनगटावर तांब्या मारला. भरला रांजण रुळावर वतला. माजा बा बगत हुता. घरी गेल्यावर बा मला म्हनला, पानी प्यायचं तर इंजनाच्या नळाचं पी, इंजन काय बोलत न्हाई. मी मोठी हुईस्तोवर नळाचंच प्याले. त्येच अप्पा मला दवाखान्यातनं म्हनले, माजं नाव घे. म्हून घेतलं. न्हाई तर घेतलं नसतं." मग टोकन खांद्यावर सारखं करून म्हणाल्या, "येवढंच हाय."

चार मिनिटंही झाली नव्हती. गुरुजी आपल्या चपलांकडं बघत होते.

अक्का उठल्या. रांजणाचं झाकण काढलं, तांब्या बुडवून भरला आणि गयाबाईंपुढं धरला. गयाबाईंनी सवयीनं ओंजळ केली. अक्कांनी तांब्या तिरपा केला नाही, तसाच धरून ठेवला. तेव्हा गयाबाईंनी तो हातात घेतला, तोंडाला लावला आणि सावकाश प्यायल्या. अर्धा तांब्या परत दिला. उरलेलं पाणी अक्का त्याच तांब्याला तोंड लावून प्यायल्या, इतक्या घाईनं की थोडं हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं.

"गयाबाई," फलाटाच्या टोकावरून रशीदचाचांनी हाक दिली, "आखरी डब्बा आया क्या?"

गयाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. खांद्यावरचं टोकन काढून तुमच्या टेबलावर ठेवलं.

"आला."

मी हातोडी मारली. एकदाच, अप्पा.